पाटलाच्या ओसरीपासून ग्रामसंघाच्या सतरंजीपर्यंत : गावातल्या नेमणुकांची गोष्ट

आज आम्ही तुमच्याशी एका जुन्या विषयावर बोलणार आहोत. गावातलं काम कुणाला मिळायचं, कसं मिळायचं आणि कोण ठरवायचं, हा तो विषय. पण सुरुवात आमच्या स्वतःच्या चुकीपासून करावी लागेल.

मागच्या पावसाळ्यात आमच्या ग्रामसंघाला एक पशुसखी निवडायची होती. शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं, लसीकरणाच्या दिवशी डॉक्टरांच्या हाताखाली राहायचं, गोठा कसा ठेवावा ते सांगायचं, असं ते काम. आमचं आर्णी तालुक्यातलं गाव काही मोठं नाही. गाव आणि अर्ध्या कोसावर तांडा, एवढंच. समाजमंदिरात बैठक बसली. कुणीतरी अध्यक्षबाईंच्या सुनेचं नाव सुचवलं, दुसरीनं अनुमोदन दिलं, रजिस्टरवर सह्या झाल्या, चहा झाला. दहा मिनिटांत पशुसखी निवडून आम्ही घरी गेलो.

आठ दिवसांनी तांड्यावरची एक मैत्रीण हप्ता भरायला आली. पैसे मोजून दिले आणि म्हणाली, "ताई, एक विचारू? मी बारावी शिकली. शेळ्या माह्या घरी लहानपणापासून. मंग जागा निघाली हे मले कोणी सांगतलं काऊन नाही?"

आमच्यापैकी एकीलाही उत्तर देता आलं नाही. सून हुशार होती, काम नीट करणारी होती, त्याबद्दल वाद नव्हता. पण तिची निवड झाली ती कशी, याचं उत्तर आमच्या रजिस्टरात नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. म्हाताऱ्या माणसांना विचारलं, पुस्तकं चाळली, वकीलताईंशी बोललो. त्यातून जे हाती लागलं ते आज सांगतो.

जन्मानं मिळणारं काम

आपला भाग वऱ्हाडाचा. आधी निजामाचा, १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. आपल्या जिल्ह्याला तेव्हा वूण जिल्हा म्हणत, १९०५ साली त्याचं नाव यवतमाळ झालं. त्या काळात गावातलं सरकारी काम म्हणजे मुख्यतः दोन माणसं : पाटील आणि पटवारी. पाटील सारा गोळा करी आणि गावाचा बंदोबस्त पाही. पटवारी कागद लिही. त्यांच्या वर परगण्यात देशमुख आणि देशपांडे.

ही माणसं कशी नेमली जात? जाहिरात नव्हती, अर्ज नव्हता. ते वतन होतं, आणि वतन बापाकडून मुलाकडं जाई. इंग्रज आले तरी हे मोडलं नाही, त्यांनी ते कायद्यात बसवलं. वऱ्हाडातल्या पाटील-पटवाऱ्यांसाठी १९०० साली वेगळा कायदाच झाला. साहेब नेमणुकीच्या कागदावर सही करी, पण निवड व्हायची ती त्याच घरातून. गावात दुसरा कुणी जास्त हुशार असला, जास्त शिकलेला असला, तरी त्याचा विचार करायचं कारणच नव्हतं.

पाटलाच्या ओसरीवर हे वतन मानाचं होतं. गावकुसाबाहेर त्याच रीतीचा अर्थ वेगळा होता. सरकारी टपाल पोचवणं, गावाची राखण, सायबाच्या घोड्यापुढं धावणं, साऱ्याच्या रकमेसोबत तहसिलीपर्यंत चालत जाणं, मेलेली जनावरं ओढणं, ही कामं महार समाजातल्या घरांकडं होती. तीही जन्मानंच. मोबदला म्हणजे खळ्यावर मिळेल ते धान्य आणि थोडी वतनी जमीन. काम नको म्हणायची सोय नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं, ते याच कारणासाठी. एकाच्या पोराला पाळण्यातच अधिकार मिळत होता आणि दुसऱ्याच्या पोराला पाळण्यातच वेठ.

आणि बाई? शेजारच्या मुंबई इलाख्यात १८७४ चा वतनाचा कायदा होता. १८८६ साली त्यात दुरुस्ती झाली. शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली, तर घराण्यातल्या बाईचा नंबर वारसाला पात्र असलेल्या सगळ्या पुरुषांच्या मागे, असं त्यात लिहिलं. म्हणजे घरात मुलगी असली तरी वतन लांबच्या पुतण्याकडं जाई. आणि एखाद्या बाईच्या नावावर वतन आलंच, तरी प्रत्यक्ष काम करायला तिच्या नावानं पुरुष गुमास्ता नेमला जाई. नाव बाईचं, शिक्का पुरुषाच्या हातात. सरपंचपतींबद्दल बोलताना आपण म्हणतो की हे नवीनच खूळ निघालं. पण हे खूळ सव्वाशे वर्षांहून जुनं आहे.

एक अर्ज दिल्लीपर्यंत गेला

२६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झालं. त्यातलं कलम १६ आपण पाठच करून ठेवावं असं आहे. सरकारी नोकरीत सगळ्यांना समान संधी, हे त्याचं पहिलं वाक्य. पुढं म्हटलंय की धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवासस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही नोकरीसाठी अपात्र ठरवता येणार नाही. यात 'लिंग' आहे, ते आपल्यासाठी. आणि 'कूळ' आहे, ते पाटलाच्या ओसरीसाठी.

पण कागदावर लिहिलं म्हणून लगेच रीत बदलत नाही. आंध्र प्रदेशातल्या एका गावात मुन्सफाची जागा भरायची होती. मुन्सफ म्हणजे आपल्या पाटलासारखंच पद. तिथं १८९५ चा जुना कायदा चालू होता, आणि तो म्हणत होता की माणूस जुन्या वतनदार घरातलाच घ्या. गझुला दशरथ रामा राव नावाच्या अर्जदाराला त्या कायद्यामुळं जागा नाकारली गेली. ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९६० मध्ये निकाल लागला. न्यायालय म्हणालं, गावचं हे पद सरकारी नोकरीच आहे, आणि केवळ अमक्या कुळात जन्मला म्हणून एकाला घेणं आणि दुसऱ्याला डावलणं हे कलम १६ च्या विरुद्ध आहे.

आपल्याकडं महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झालं. १९६२ च्या कायद्यानं महसुली पाटलाचं वतनी पद बंद झालं. १९६७ मध्ये महाराष्ट्र ग्राम पोलीस कायदा आला आणि पोलीस पाटील हे नेमणुकीचं पद झालं. आज पोलीस पाटलासाठी जाहिरात निघते. उमेदवार त्याच गावचा रहिवासी हवा, वय २५ ते ४५, शिक्षण दहावी पास. लेखी परीक्षा ८० गुणांची, तोंडी २० गुणांची, आणि नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी करतात. महिलांसाठी राखीव जागा आहेत. राज्यात आज कितीतरी बाया पोलीस पाटील आहेत. ज्या पदावर बाईचा नंबर सगळ्या पुरुषांच्या मागे होता, त्याच पदाच्या परीक्षेला आज आपली मुलगी नंबर लावून बसते. या बदलाला दोन-तीन पिढ्या लागल्या.

'कॉल' येण्याची वाट

जन्माची अट गेली. मग नवा प्रश्न आला : जागा निघाली हे कळणार कसं?

आमच्यातल्या वयानं मोठ्या बायांना सेवायोजन कार्यालय आठवतं. लोक त्याला 'एक्स्चेंज' म्हणत. दुसऱ्या महायुद्धावरून परत आलेल्या सैनिकांना काम मिळावं म्हणून १९४५ मध्ये ही कार्यालयं सुरू झाली. १९५९ च्या कायद्यानं सरकारी कचेऱ्यांना आणि मोठ्या खाजगी आस्थापनांना आपल्या रिकाम्या जागा तिथं कळवणं बंधनकारक झालं. मॅट्रिक झालेला मुलगा यवतमाळला जाई, नाव नोंदवून कार्ड आणी, आणि मग 'कॉल' येण्याची वाट पाही. कार्डाचं नूतनीकरण चुकलं की ज्येष्ठता गेली. आमच्या एका काकूंचं कार्ड ट्रंकेत अजून आहे. नाव नोंदवायला त्या वडिलांसोबत गेल्या होत्या. पुढं लग्न झालं, पत्ता बदलला. कॉल आला की नाही हे त्यांना आजही ठाऊक नाही. आला असेल तर माहेरच्या पत्त्यावर.

पुष्कळ कचेऱ्या एक्स्चेंजनं पाठवलेल्या नावांतूनच माणसं घेत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की एवढ्यावर भागणार नाही. वर्तमानपत्रात जाहिरात द्या, नोटीस फलकावर लावा, रेडिओवर सांगा, आणि जो पात्र आहे त्याचा अर्ज विचारात घ्या. मैत्रिणींनो, त्यात रेडिओचं नाव आहे हे वाचून आम्हाला फार बरं वाटलं. जागा निघाल्याची बातमी ही काही मेहरबानी नाही. संधीचा पहिला तुकडा तोच आहे. बातमी एका आळीत पोचली आणि दुसऱ्या आळीत नाही, तर पुढची परीक्षा कितीही चोख घ्या, ती अर्धीच.

आपल्या नावाची जागा

बाईसाठीच म्हणून खेड्यात काम आलं ते अंगणवाडीचं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं, मेळघाटातलं धारणी त्या पहिल्या ठिकाणांत होतं. सेविका बाईच हवी आणि ती स्थानिक हवी, ही अट होती. शेकडो वर्षांत पहिल्यांदाच बाई असणं ही अडचण न राहता पात्रता ठरली.

पण या पात्रतेला एक गाठ मारलेली होती. कामाला पगार न म्हणता मानधन म्हटलं गेलं. निवड करताना सरकारी रीत आणि हक्क देताना स्वयंसेविका, असं कित्येक वर्षं चाललं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. तोवर पहिल्या पिढीतल्या कितीतरी सेविका निवृत्त होऊन गेल्या होत्या.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आली. हजार लोकसंख्येमागं एक. तिच्या निवडीची रीत वाचून आम्ही चकित झालो. गावात बैठका घ्याव्यात, बचत गटांशी बोलावं, किमान तीन नावं काढावीत आणि त्यातलं एक ग्रामसभेनं निवडावं, असं मूळ मार्गदर्शक सूचनांत आहे. तुमच्या गावच्या आशाताईंची निवड अशी झाली होती का, आठवून पाहा. जिथं झाली तिथं गाव तिला आपली मानतं. जिथं एका घरात बसून नाव ठरलं, तिथं त्या बिचारीला पहिली दोन वर्षं 'तू अमक्याची माणूस' एवढंच ऐकून घ्यावं लागतं, मग ती कितीही राबो.

अंगणवाडीच्या निवडीत आता शिक्षणाचे गुण मोजतात. २०२३ पासून बारावी पास ही अट आहे, आणि विधवा व अनाथ अर्जदारांना जादा गुण आहेत. गुणांची यादी लावली जाते, हरकत घ्यायला मुदत असते. चिठ्ठीचपाटीला यात वाव कमी. पण ज्या गावात मुलींची शाळा दहावीलाच सुटते, तिथं बारावीची अट कुणाला आत घेते आणि कुणाला बाहेर ठेवते, हा प्रश्न उरतोच.

अट कशी माणसं गाळते, याचं एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. एसटीच्या चालकपदासाठी १६० सेंटीमीटर उंची आणि अवजड वाहन चालवण्याचा तीन वर्षांचा अनुभव मागत. आता सांगा, आपल्या गावातल्या कुठल्या मुलीला कुणी तीन वर्षं ट्रक चालवू दिला असता? बाईला मनाई असं जाहिरातीत कुठंही लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. २०१९ च्या सुमारास महामंडळानं महिलांसाठी उंचीची अट १५३ सेंटीमीटरवर आणली, हलक्या वाहनाचा एक वर्षाचा परवाना चालेल असं ठरवलं आणि पुढचं शिकवण्याची जबाबदारी स्वतः घेतली. यवतमाळ जिल्ह्यातल्या २१ आदिवासी तरुणींची चालकपदाच्या प्रशिक्षणासाठी निवड झाली. मध्ये कोरोना आला, सगळं लांबलं. शेवटी जून २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यात सासवड ते नीरा या रस्त्यावर महिला चालकानं एसटी नेली. बस तीच होती, रस्ताही तोच. बदलली होती ती जाहिरातीतली अट.

आता निवडणाऱ्या आपणच

इथवरचा इतिहास वाचताना आम्ही पाटलाला, सायबाला, कचेरीला नावं ठेवत होतो. मग लक्षात आलं की आता निवडणाऱ्यांच्या जागी आपण बसलो आहोत. २०११ मध्ये महाराष्ट्रात 'उमेद' अभियान सुरू झालं. गट झाले, ग्रामसंघ झाले, प्रभागसंघ झाले. समुदाय संसाधन व्यक्ती, कृषीसखी, पशुसखी अशी नावं गावातल्या बायाच सुचवतात. मानधन थोडं असतं, पण घरातून बाहेर पडायची, चार गावं पाहायची, स्वतःच्या खात्यात पैसे यायची ती पहिली वाट असते. ती वाट कुणासाठी उघडायची हे सतरंजीवर बसून आपण ठरवतो. आणि आम्ही ठरवलं ते कसं? अध्यक्षबाईंच्या घरातून. सासूकडून सुनेकडं. वतनच की!

हे बोलायला सोपं, सुधारायला अवघड होतं. पुन्हा निवड घ्यायची तर सुनेचा अपमान. नाही घ्यायची तर तांड्यावरच्या मैत्रिणीला उत्तर काय द्यायचं? दोन बैठका नुसत्या रागारागात गेल्या. एक मावशी म्हणाल्या, "झालं ते झालं, आता काऊन उकरता?" शेवटी सूनबाईच उठली. म्हणाली, "पुन्हा घ्या. मी अर्ज करते. निवडून आली तर कोणी टोमणा तरी नाही मारणार."

मग आम्ही आधी अटी लिहिल्या आणि नंतर अर्ज मागवले. नोटीस तीन ठिकाणी लावली : समाजमंदिर, शाळा आणि तांड्यावरचं सेवालाल महाराजांचं मंदिर. सात दिवस मुदत दिली. पाच अर्ज आले. अध्यक्षबाई निवडीच्या वेळी बाहेर ओट्यावर बसल्या, आणि ज्यांचं नातं लागत होतं त्या आणखी दोघी त्यांच्यासोबत गेल्या. गुण फळ्यावर लिहिले, मोठ्यानं वाचले, यादी भिंतीवर लावली. सूनबाई पहिली आली. तांड्यावरची मैत्रीण दुसरी.

आम्हाला वाटलं, चला, आता सगळं चोख झालं. पण तिनं यादी नीट वाचली, आणि हरकत घेतली. शेळीपालनाच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असेल तर १० गुण, असं आम्ही अटीत लिहिलं होतं. सूनबाईकडं ते होतं. हिच्याकडं बारा शेळ्या होत्या, प्रमाणपत्र नव्हतं. "शेळी अडली की सारा तांडा मले बोलावते," ती म्हणाली. "त्याचे किती गुण?"

एकही नाही. एसटीची उंची आम्ही पानभर वाचली होती, आणि आमच्याच कागदावर दुसरी उंची लिहून ठेवली होती.

त्या निवडीत आम्ही बदल केला नाही. एकदा जाहीर केलेली अट मध्येच फिरवली तर ती दुसरी मनमानी झाली असती. हे तिला समोर बसवून सांगितलं. तिला ते पटलं असं आम्ही म्हणणार नाही. "बरं," एवढंच ती म्हणाली. पण तिची हरकत आम्ही रजिस्टरात तिच्याच शब्दांत लिहिली आणि खाली ठराव केला : पुढच्या वेळी अनुभवाचे गुण धरायचे, आणि तो अनुभव त्या वस्तीतल्या दहा घरांना विचारून ठरवायचा. प्रभागसंघाकडं तो ठराव पाठवला आहे. लवकरच कृषीसखीची एक जागा भरायची आहे. तेव्हा आम्ही दिलेला शब्द पाळतो की नाही, हे ती मैत्रीण पाहणार आहे, आणि आता आमच्या गावातल्या पुष्कळ जणी पाहणार आहेत.

जाता जाता तुमच्यासाठी थोडं कामाचं. गावात कुठलीही जागा निघो, पाच गोष्टी विचारा. जाहिरात कुठं लावली आणि किती दिवस? अटी अर्जाच्या आधी लिहिल्या होत्या का? निवडणाऱ्यांत उमेदवाराचं कुणी नात्यातलं बसलं होतं का? गुणांची यादी लावली का? हरकत कुणाकडं आणि कधीपर्यंत घ्यायची? जागा सरकारी असेल आणि उत्तर मिळालं नाही, तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आणि हेच पाच प्रश्न आपल्या गटाच्या बैठकीतही विचारा. तिथं विचारायला जरा जास्त धीर लागतो, कारण समोर साहेब नसतो, आपलीच जाऊ असते, आपलीच विहीण असते. आमच्याकडं तो धीर पहिल्यांदा दाखवला तो तांड्यावरच्या मैत्रिणीनं, हप्ता भरायला आली तेव्हा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.